कोणाचाच नसलेला नकार

आठही अंगठे वर होते.

जिला सगळे मोजपट्टी म्हणत, त्या मुलीने एकदा पाहिलं, मग डावीकडून सुरुवात करून पुन्हा पाहिलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, म्हणून बाहीने डोळे पुसून आणखी एकदा पाहिलं. खिंडीच्या तोंडाशी, कातळाच्या आडोशाला आठ मुलंमुली गोल करून उभी होती. डोळे गच्च मिटलेले, उजवी मूठ पुढे धरलेली, आणि प्रत्येक मुठीवर हातमोज्यातला अंगठा आभाळाकडे. बाई गोलाच्या बाहेर, पाठ करून उभ्या होत्या.

"एक खाली आहे," मोजपट्टी म्हणाली. "परत फिरायचं."

सगळ्यांनी डोळे उघडले. कोणी काही बोललं नाही. बोलायचं नाही असाच नियम होता.

त्या निवासी शाळेत वरच्या वर्गातल्या मुलांना दरवर्षी डोंगरात नेत, ते नुसतं चढायला-उतरायला नव्हे. नकाशा कोणी वाचायचा, थकलेल्याचं ओझं कसं वाटून घ्यायचं, कुठे थांबायचं, हे सगळं मुलांनीच ठरवायचं आणि रोज एकाने म्होरक्या व्हायचं. बाई मागून चालत आणि जिवावर बेतल्याशिवाय तोंड उघडत नसत. "मी म्हणजे तुमच्या सॅकची शिट्टी," त्या म्हणत. "असते, पण वाजत नाही." वाट अवघड झाली की म्होरक्याने 'अंगठे घ्यायचे'. सगळ्यांनी डोळे मिटायचे. पुढे जायला तयार असेल त्याने अंगठा वर करायचा, नसेल त्याने खाली. एक खाली गेला तरी सगळे परत. तो कोणाचा हे फक्त म्होरक्याला दिसे. त्याने ते कधीही सांगायचं नाही, इतरांनी विचारायचं नाही, अंदाजसुद्धा बांधायचा नाही. म्होरक्याचा स्वतःचा अंगठा मोजणीत धरत नसत. त्याला वाटलं तर तो आपल्या शब्दावर सगळ्यांना परत फिरवू शकत असे. मात्र तेव्हा त्याला कारण सांगावं लागे.

तिथेच घोडं पेंड खात होतं. मोजपट्टीजवळ कारण नव्हतं.

तिला मोजपट्टी म्हणत ते उगाच नाही. दोराची लांबी ती वितीने सांगे, सूर्य मावळायला किती अवकाश आहे ते हात लांब करून बोटांनी मोजे, आणि तंबू कुठे लावायचा यावर वाद झाला की पाण्याची बाटली आडवी घरंगळवून उतार दाखवून देई. आकडा हाती असला की ती कोणालाच घाबरत नसे. त्या दुपारी सगळे आकडे ठीक होते. वारा होता, पण उभं राहता येत होतं. ढग होता, पण विरळ. उजेड पुष्कळ होता. फक्त खिंडीपलीकडे ती धार होती: दोन्ही अंगांना सैल दगडांचा घसारा, मधे दगडी पाठीसारखी वाट. तिच्याकडे पाहिलं आणि मोजपट्टीला भीती वाटली. पाय आपले नाहीतसे झाले. ही भीती किती, कशाची, कोणत्या बाजूची, काहीच सांगता येत नव्हतं. आणि जे सांगता येत नाही ते आठ जणांसमोर कसं सांगायचं, तेही मोजपट्टीने? शिवाय पुढच्याच पंधरवड्यात गटाचा कॅप्टन निवडायचा होता, आणि तो कोण होणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

'एक खाली आहे' हे वाक्य तिने ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून सुटलं. सुटल्यावर मात्र इतकं सरळ वाटलं, की क्षणभर तिचाच त्यावर विश्वास बसला.

उतरताना सगळ्यात पुढे गोगलगाय होती. सर्वांत हळू चालणाऱ्याने पुढे चालायचं, म्हणजे कोणी मागे पडत नाही, हाही बाईंचाच नियम. गोगलगाय जाड चष्म्याची, गोल चेहऱ्याची, चढावर दर वळणाला थांबून "आलेच हं" म्हणणारी मुलगी. हे नाव तिला भोंग्याने दिलं होतं. भोंगा म्हणजे गटातला सगळ्यात उंच मुलगा. त्याचा आवाज एका डोंगरावरून निघाला की दुसऱ्यावर पोचे.

"मी काही विचारत नाहीये," भोंगा मागून म्हणाला. "विचारायचं नाही, माहीत आहे मला. मी फक्त एवढंच म्हणतोय, की काय छान हवा होती आज! अशा हवेत माझी आजी धार ओलांडून परत आली असती, वर चहा मागितला असता."

"तुझ्या आजीला आण मग पुढच्या वेळी," कोणीतरी म्हणालं.

"आणतो. तिचा अंगठा तरी वर राहील."

हशा झाला. गोगलगायही हसली. मोजपट्टीने मागे वळून पाहिलं नाही.

शाळेचा दुसरा एक गट त्याच दुपारी त्याच धारेवरून सुखरूप पलीकडे गेला. मोजपट्टीचा गट शाळेत पोचला तेव्हा ही बातमी त्यांची वाटच पाहत होती. पलीकडे जाणारा गट तिथल्या ओढ्यातला एक दगड घेऊन येतो आणि तो भोजनगृहाच्या बाहेरच्या भिंतीत बसवला जातो, अशी तिथली जुनी रीत होती. भिंतीत तसे बरेच दगड होते, काही तांबडे, काही करडे, एक चक्क हिरवट. दुसऱ्या गटाच्या दगडाला गवंड्याने जागा करून ठेवली तेव्हा मोजपट्टीचा गट आत मुकाट्याने जेवत होता.

"वाईट वाटून घेऊ नका," बाई त्यांना म्हणाल्या. "सत्र संपायच्या आत आपल्याला आणखी एकदा जाता येईल. हवा साथ देणार असेल तर."

"हवेचं काही नाही बाई," भोंगा म्हणाला, "हवा बिचारी तेव्हाही साथ देत होती."

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो ताटात बघायला लागला.

त्यानंतरचे दिवस असे गेले की कोणाला बोट दाखवायला जागा नव्हती. नियम कोणीच मोडला नाही. गोगलगायला कोणी काही विचारलं नाही. फक्त ती भोजनगृहात आली की बाकावरची माणसं जराशी सरकत, आणि तिच्यासाठी जागा होण्याऐवजी जागा संपे. बुटांच्या फडताळात तिचे बूट सगळ्यात खालच्या फळीवर, ओल्या बाजूला जाऊन पडत. खोलीत ती शिरली की बोलणं बंद होत नसे, विषय बदले. एकदा जिन्यात ती कोणाला तरी पेन परत द्यायला थांबली आणि पुढे गेली, तेव्हा भोंगा आपल्या मते हळू आवाजात म्हणाला, "गोगलगाय आणि पोटात पाय."

त्याचा हळू आवाज म्हणजे दुसऱ्याचा चढा. गोगलगायची पाठ क्षणभर ताठ झाली. मग ती नेहमीच्या चालीने जिना चढून गेली.

मोजपट्टी सगळं पाहत होती. जो अंगठा खाली गेलाच नाही, त्याला मालक शोधणं चाललं होतं आणि तो सगळ्यांना सापडलाही होता. 'त्यांचं काय, चार दिवस चघळतील आणि विसरतील,' असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. प्रयोगशाळेत तिच्या हातून एखादं मोजमाप चुकलं की ती कितीही उशीर होवो, पुन्हा मांडणी करून बघे. इथे मांडणी पुन्हा करायची तर आधी चूक सांगावी लागणार होती. शनिवारी घरी फोन केला तेव्हा आईने विचारलं, "आवाज का गं असा? बरं नाही का?"

"बरी आहे. डोंगरातून परत यावं लागलं, म्हणून."

"कोणीतरी घाबरलं असेल," आई म्हणाली. "बरं झालं परत आलात. ज्याने नाही म्हटलं ना, त्याचं कौतुक करा हो. कठीण असतं ते."

मोजपट्टी "हो" म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या फेरीची तयारी करायला गट सामानाच्या खोलीत जमला. ही खोली शाळेच्या मागच्या अंगाला होती. छताला दोऱ्यांवर तंबू वाळत घातलेले, भिंतीला खुंट्यांवर दोरांची वेटोळी, आणि सगळीकडे रॉकेलचा, ओल्या कापडाचा नि बुटाच्या चामड्याचा मिळून एक वास. सगळे फरशीवर बसले. बाई दाराजवळच्या पेटीवर बसून पिनने स्टोव्ह साफ करत होत्या. कोणी काय उचलायचं, पुढे कोण, मागे कोण, याची बोलणी चालली होती. एक मुलगी म्हणाली, "यावेळी तरी सगळ्यांनी आधीच नीट विचार करून यावं." ती बोलली सगळ्यांना, पण बघत होती गोगलगायच्या बुटांकडे.

गोगलगायने चष्मा काढला, फ्रॉकच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला.

"तो माझा होता," ती म्हणाली. "खाली होता तो. माझा अंगठा."

मोजपट्टीच्या हातात दोर होता. तो तिने किती वेळा गुंडाळला हे ती विसरली. बाईंच्या हातातली पिन थांबली.

"असं सांगायचं नसतं," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे, बाई. पण आता सांगून झालं."

आणि मग जे झालं ते मोजपट्टीला आधीच्या दिवसांहून सोसवेना. सगळे एकदम चांगले वागायला लागले. जणू प्रत्येकाच्या मानेवरून जू उतरलं. भोंगा उठून तिच्याजवळ जाऊन बसला. "अगं, मग आधीच सांगायचंस ना! आम्ही काय खाणार होतो का तुला?" कोणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. एकाने आपला कोरडा टॉवेल तिच्या ओल्या सॅकखाली घातला. आणि अशा सगळ्या मायेच्या ओघात ठरलं, की दुसऱ्या फेरीला गोगलगायने खालच्या छावणीवर थांबावं. सामान सांभाळायला कोणीतरी लागतंच. शिवाय तिलाही बरं पडेल, उगाच जिवाला घोर नको.

"चालेल ना तुला?" भोंग्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात खरोखरच काळजी होती.

"चालेल," गोगलगाय म्हणाली.

दुपारी भांडी घासायची पाळी गोगलगायची होती. मोजपट्टीने तिच्या जोडीच्या मुलीशी पाळी बदलून घेतली. मागच्या अंगणातल्या दगडी टाकीवर दोघी समोरासमोर बसल्या. छावणीची भांडी काजळीने काळीठिक्कर पडलेली. बराच वेळ नुसता राखेचा आणि तारेच्या चोथ्याचा आवाज होत राहिला.

"तू का सांगितलंस असं?" मोजपट्टीने विचारलं.

"काय?"

"तुझा अंगठा खाली नव्हता."

गोगलगायने हातातलं पातेलं उलटं केलं आणि बूड घासायला घेतलं. "तुला दिसलंच असणार. म्होरकी होतीस तू. पण तू सांगायचं नसतं हां. बाई रागावतील."

"मी विचारतेय का सांगितलंस."

"कारण मला सवय आहे." ती हे असं म्हणाली जसं कोणी म्हणावं, मला थंड पाण्याची सवय आहे. "मी हळू आहे, मी मागे राहते, माझ्यामुळे थांबावं लागतं, हे बालवाडीपासून चालू आहे माझं. आणखी एक गोष्ट नावावर लागली तर काय एवढं? पण ज्याचा खरा होता ना, त्याला सवय नसेल. तो रोज हे बघत असेल आणि आतल्या आत मरत असेल. म्हटलं, सोडवू या बिचाऱ्याला."

मोजपट्टीने चोथा पुन्हा राखेत बुडवला. "तू ओळखत नाहीस त्याला."

"नाही. आणि कोण ते मला सांगूही नकोस." गोगलगायने पाणी ओतलं, काजळीचा ओघळ तिच्या मनगटावरून कोपराकडे गेला. "तुला एक सांगू? मला अंगठा खालीच करायचा होता. खरं सांगते. पाय लटपटत होते माझे. पण डोळे मिटलेले असले तरी मला सगळे दिसत होते. म्हटलं, पुन्हा मीच. म्हणून वर केला. आणि मग तू म्हणालीस, एक खाली आहे." ती थांबली. "माझा जीव भांड्यात पडला गं. आणि लाजही वाटली. म्हणजे माझ्याइतकंच घाबरलेलं कोणीतरी तिथे होतं आणि ते माझ्यापेक्षा धीट होतं. त्याने माझं काम केलं. मग मी त्याचं एवढं करायला नको?"

"पण आता तुला धारेवर जाता येणार नाही."

"हो." एवढं एकच अक्षर, पण त्यासाठी तिला घासणं थांबवावं लागलं. "मला जायचं होतं पलीकडे. घाबरत घाबरत का होईना. दादाला सांगितलं होतं, मी स्वतः दगड उचलून आणणार. तो म्हणाला, तू पोचेपर्यंत दगडाची वाळू होईल." ती हसली, आणि पातेलं उचलून उजेडात धरलं. "निघालं का गं? माझ्या चष्म्यावर पाणी उडालंय, दिसत नाही."

"निघालं," मोजपट्टी म्हणाली.

बाई विज्ञान शिकवत नसत, पण त्यांची खोली एखाद्या प्रयोगशाळेसारखी नेटकी होती. एका पट्टीवर कात्री, सुई, मेणदोरा. खिडकीत वाळत घातलेले मोजे. मोजपट्टीने दार वाजवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बसायला सांगितल्यावर बसलीही नाही.

मोजपट्टीला वाटलं होतं, बाई रागावतील, किंवा म्हणतील की मला शंका होतीच. त्यांना शंका नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर ते सरळ दिसत होतं: त्या पाठ करून, डोळे मिटून उभ्या राहिल्या होत्या आणि तिने जे सांगितलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता.

"तुला कोणाचा हात थरथरताना दिसला होता का?" शेवटी त्यांनी विचारलं. "नीट आठव. जिने कबूल केलं तिचा अंगठा उशिरा वर गेला असेल."

मोजपट्टीला ती पळवाट दिसली. लांबरुंद, सोयीची होती.

"नाही," ती म्हणाली. "मला कोणाचंच काही दिसलं नव्हतं. मला फक्त माझंच कळत होतं."

"मग म्हणायचंस, माझ्या शब्दावर परत."

"कारण नव्हतं, बाई."

"होतं. मला भीती वाटते, हे कारण आहे."

"ते काय कारण झालं? हवा ठीक होती. दुसरा गट गेला की पलीकडे."

"तो गेला, म्हणून तुम्हीही गेला असतात असं सिद्ध होत नाही. तुम्ही पडला असतात असंही नाही." बाईंनी खिडकीतला एक मोजा उलटा करून पुन्हा वाळत घातला. "परत फिरणाऱ्याला आपण बरोबर होतो की चूक, हे कधीच कळत नाही. ते न कळता जगता यायला हवं, एवढंच मी तुम्हाला शिकवते. बाकी दोर आणि गाठी कोणीही शिकवील."

मग त्या म्हणाल्या, "हा अंगठ्यांचा नियम माझा नाही. माझ्या आधी जे सर होते त्यांनी तो केला. डोंगरातून परत न आलेल्या एका मुलाच्या आईला भेटून आल्यावर. तो मुलगा त्या दिवशी तोंडाने 'चालेल' म्हणाला होता. त्याला जायचं नव्हतं, हे फक्त त्याच्या मित्राला माहीत होतं."

मोजपट्टी खाली बघत होती.

"मी तुझ्यासाठी हे कोणाला सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि सांगितलंस तर तुला सांभाळूनही घेणार नाही. तू सांगितलंस तर अंगठ्यांवरचा त्यांचा विश्वास उडेल. नाही सांगितलंस तर ती मुलगी छावणीवर बसेल. दोन्ही वाईटच आहे. तुझं तू बघ."

दाराशी गेल्यावर मोजपट्टीने मागे वळून विचारलं, "तुम्ही असतात तर?"

"मी नव्हते," बाई म्हणाल्या. "तू होतीस."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी गट पुन्हा सामानाच्या खोलीत जमला. आज कॅप्टन निवडायचा होता. सॅका भरून भिंतीला लावून ठेवलेल्या. गोगलगायची एकटीची लहान होती, छावणीपुरती. भोंग्याने सुरुवात केली. "यात निवडायचं काय आहे? नमनाला घडाभर तेल नको. मोजपट्टी. हात वर करा आणि चला जेवायला."

"थांब," मोजपट्टी म्हणाली.

ती उभी राहिली. पाय पुन्हा तसेच झाले होते, खिंडीत झाले होते तसे. फरक एवढाच की इथे मागे सरकायला भिंत होती.

"त्या दिवशी आठही अंगठे वर होते. खाली कोणाचाच नव्हता. मी खोटं बोलले. मला धारेची भीती वाटली आणि ते सांगायची लाज वाटली, म्हणून म्हटलं की एक खाली आहे." ती गोगलगायकडे पाहत नव्हती, पण पुढचं वाक्य तिला उद्देशूनच होतं. "तिने आपल्या अंगावर घेतलं तेही खोटं आहे. तिचाही वरच होता."

पहिल्यांदा कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग भोंगा उठला. एवढा मोठा आवाज असलेला मुलगा, पण आता तो आवाज लहानच निघाला.

"म्हणजे आम्ही खरं सांगितलं," तो म्हणाला, "आणि तू आमच्यातल्या एकाला खोटं पाडलंस. कोण ते ठरवायचं काम आमच्यावर सोडून."

"हो."

"मी हिला काय काय बोललो. तू तिथे होतीस. जिन्यात होतीस तू."

"हो."

"आणि ऐकून घेतलंस."

तिसऱ्यांदा 'हो' म्हणायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिने मान हलवली. भोंग्याने गोगलगायकडे पाहिलं आणि तो खाली बसला. मागच्या वेळी नीट विचार करून या म्हणणारी मुलगी रडायला लागली. स्वतःवर की मोजपट्टीवर, तिचं तिलाच माहीत.

"आता अंगठे घेतले तर मी विश्वास कसा ठेवायचा?" कोपऱ्यातून एकाने विचारलं. तो मुलगा एरवी फार बोलत नसे. "मला ते बरं वाटायचं. डोळे मिटून सांगता यायचं."

मोजपट्टी अजून उभीच होती.

गोगलगाय मात्र वेगळंच काही शोधत होती. तिच्या कपाळावर आठी पडली होती, बीजगणितातलं एखादं गणित सुटता सुटता अडावं तशी.

"म्हणजे तिथे कोणीच नव्हतं?" तिने विचारलं. "घाबरलेलं? मी एकटीच?"

मोजपट्टीने आता तिच्याकडे पाहिलं.

"मी होते," ती म्हणाली.

गोगलगायने हे ऐकून घेतलं. तिचा चेहरा निवळला नाही. उलट त्यावर राग येताना मोजपट्टीला पहिल्यांदाच दिसला. "पण तू नाही म्हटलं नाहीस," गोगलगाय म्हणाली. "मला वाटलं होतं, कोणीतरी म्हटलं."

बाई पेटीवरून उठल्या. "तू बाहेर थांब," त्या मोजपट्टीला म्हणाल्या. "त्यांना ठरवू दे."

बाहेरच्या ओट्यावर बुटांची रांग होती. मोजपट्टी त्यांच्या शेजारी बसली. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. भोंग्याचा आवाज चढला, उतरला. कोणीतरी बराच वेळ एकटंच बोललं. तिने मोजायला हात लांब केला, सूर्य भिंतीपासून किती वर आला ते बघायला, आणि मग हात खाली घेतला. यातून काही कळण्यासारखं नव्हतं. मैदानापलीकडे भोजनगृहाच्या भिंतीशी गवंडी नव्या दगडाच्या कडा लिंपत होता. त्याच्या थापीचा आवाज थोडा उशिरा पोचत होता. तिच्या मनात आलं, आईला आता फोन करून सांगावं लागेल. तेही आजच.

दार उघडलं. गोगलगाय बाहेर आली. तिने रांगेतून आपले बूट उचलले, मोजपट्टीपासून हातभर अंतरावर बसली आणि नाड्या सोडवायला लागली.

"कॅप्टन भोंगा," ती म्हणाली. "मी येणार आहे पलीकडे. पुढे मीच चालणार. तो म्हणाला, मग पोचेपर्यंत आम्ही म्हातारे होऊ. मी म्हटलं, तुझ्या आजीची काठी घे बरोबर."

आतून कोणाचं तरी अर्धवट हसू आलं आणि विरलं.

"आणि मी?"

"तू यायचंस. दोघे जण नको म्हणाले होते." तिने ते दोघे कोण हे सांगितलं नाही. "पण म्होरकी नाही व्हायचं. या वर्षी नाही. स्टोव्ह आणि रॉकेल तू उचलायचंस."

स्टोव्ह आणि रॉकेल हे सगळ्यात जड आणि सगळ्यात नकोसं ओझं. कपड्यांना वास लागतो तो धुऊनही जात नाही.

"बरं," मोजपट्टी म्हणाली.

"मी तुझ्यावर रागावले आहे. पुष्कळ."

"हो."

गोगलगायने एक बूट पायात चढवला आणि टाच दोनदा फरशीवर आपटली. दुसरा हातात घेऊन ती थोडा वेळ तशीच बसली. मग समोरच्या मैदानाकडे बघत म्हणाली, "धारेवर भीती वाटायला लागली ना, तर मला सांग. हाक मारून सांग, मी पुढे असेन. मला कळतं त्यातलं."

मोजपट्टी उठली, आत गेली, आणि कोणाकडेही न बघता कोपऱ्यातला स्टोव्ह उचलून आपली सॅक पुन्हा पहिल्यापासून भरायला बसली.